द्राक्षबागेतले लोरा नोड: हिशेबात साडेचार वर्षं, प्रत्यक्षात पन्नास दिवस

वेलमांडव

निफाडकडची बाग, १२ एकर, वाय मांडणी, २४ नोड, म्हणजे मातीचा ओलावा मोजून लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओने कळवणारे बॅटरीवरचे डबे. प्रत्येक नोडचा मसाला असा: एटीमेगा३२८पी नुसती चिप (८ मेगाहर्ट्झ, ३.३ व्होल्ट), आरएफएम९५ रेडिओ, २० आणि ४५ सेंमी खोलीवर एकेक कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर, उठवायला डीएस३२३१ घड्याळ, एमसीपी१७०० रेग्युलेटर, २६०० एमएएचचा १८६५० सेल. सोलर नाही.

लोरावॅन (लोरावरचे नेटवर्कचे नियम), एसएफ१० (स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तितका संदेश हळू, पण लांब जाणारा), पॉवर १७ डीबीएम, दर १५ मिनिटांनी १२ बाइट, कन्फर्म्ड अपलिंक (प्रत्येक संदेशाची पोच मागणारा). गेटवे (सगळ्या नोडचं ऐकून सर्व्हरला देणारा) ८ चॅनलचा, पंपघराच्या छतावर ४ मीटर उंच. सगळ्यात लांबचा नोड ४५० मीटरवर.

दिवसाचा हिशेब: रेडिओ साधारण १ एमएएच, सेन्सर ०.१३, रिसीव्ह विंडो (पाठवल्यावर उत्तर ऐकायचा वेळ) आणि त्यातली वाट पाहणं मिळून पाव, झोप (५ मायक्रोअँप धरून) ०.१२. एकूण दीड. म्हणजे सेल साडेचार वर्षं पुरायला हवा. प्रत्यक्षात ५० दिवसांत ३.३ व्होल्टला येतो.

दुसरं दुखणं: गेटवेजवळच्या नोडचे ४-५ टक्के संदेश हरवतात, लांबच्यांचे ३५ टक्क्यांपर्यंत (फ्रेम काउंटर, म्हणजे संदेशांच्या अनुक्रमांकातल्या फटींवरून मोजलेले). पण लांबच्या नोडचा आरएसएसआय (सिग्नलचा जोर) उणे १०५ आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) उणे २च्या आसपास, म्हणजे सिग्नल वाईट म्हणता येत नाही. पॉवर २० डीबीएम केली, फरक शून्य.

---

मायक्रोअँप

हिशेब उलटा करा. २६०० पैकी हाताला लागतात साधारण २२००. भागिले ५० दिवस म्हणजे रोज ४४ एमएएच. भागिले २४ तास म्हणजे सरासरी १.८ मिलीअँप, रात्रंदिवस. तुमच्या यादीतला सगळा खर्च सरासरीत मांडला तर ०.०६ मिलीअँप होतो. म्हणजे उरलेले पावणेदोन मिलीअँप नोड झोपलेला असताना कुठेतरी वाहतायत. लोक रेडिओची पॉवर ३ डीबीने कमी करून बॅटरी वाचवायला बघतात आणि गळती भलतीकडेच असते. नव्वद टक्के वेळा हेच.

साडेचार वर्षंही विसरा. लिथियम-आयन सेल महिन्याला दोन-तीन टक्के आपोआप उतरतो. २६०० एमएएचवर ते रोजचे २ एमएएच झाले, म्हणजे तुमच्या कागदावरच्या नोडपेक्षा सेल स्वतःच जास्त खातो. गळती शून्य केली तरी पावणेदोन वर्षांच्या आसपासच थांबाल.

मोजायचं कसं: मल्टीमीटर सरळ मायक्रोअँपवर लावू नका. त्या रेंजमध्ये मीटरच्या पोटात शंभर ओहमपासून वर रेझिस्टन्स असतो. नोड उठून ९० मिलीअँप मागतो, व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट होते आणि तुम्ही रीसेटचा करंट मोजत बसता. त्याऐवजी सेलच्या पॉझिटिव्हमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर टाका आणि त्याला समांतर जंपर. नोड चालू होऊन झोपेपर्यंत जंपर लावलेला. झोपला की जंपर काढा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मिलीव्होल्ट वाचा. १ मिलीव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँप. जंपर काढताच नोड रीसेट झाला तर करंट मिलीअँपमध्ये आहे हे तिथेच कळलं. मग १० ओहम लावून परत मोजा.

संशयित: रेडिओ झोपवलेला नसणं, एडीसी (व्होल्टेज मोजणारा चिपमधला भाग) चालू राहणं, पॉवरचा एलईडी, घड्याळाचं मॉड्यूल, बॅटरी मोजायचा डिव्हायडर, हवेत लटकणारे पिन.

---

टेकडीवरून

दुसऱ्या प्रश्नाचं बघू. एसएफ१०ला एसएनआर उणे १५पर्यंत चालतो. तुमचा उणे २ आहे, म्हणजे १३ डीबी हातात. अंतराचा किंवा पॉवरचा प्रश्न नाहीच. एकच विचारतो: डीएस३२३१चा अलार्म सगळ्या नोडमध्ये ००, १५, ३०, ४५व्या मिनिटाला आहे का?

---

वेलमांडव

हो. ग्राफ एका रेषेत यावेत म्हणून.

---

टेकडीवरून

मग चोर सापडला. डीएस३२३१ दोन पीपीएमचं (दहा लाख सेकंदांत दोन सेकंदांची चूक) घड्याळ आहे. २४ नोड एकाच क्षणी जागे होऊन ओरडतात. घड्याळ जितकं चांगलं, तितकी टक्कर हमखास. साध्या वॉचडॉगवर (चिपमधल्या ढोबळ टायमरवर) झोपणारे नोड यातून आपोआप सुटतात, कारण त्यांची वेळ कायम भरकटत असते.

आकडे घ्या. १२ बाइटवर लोरावॅनचे १३ बाइट धरून २५ बाइटचं पॅकेट एसएफ१०, १२५ किलोहर्ट्झला ०.४१ सेकंद हवेत असतं. भारतात लोरावॅनचे मुळातले चॅनल तीनच: ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ. सर्व्हरने जास्तीचे चॅनल दिले नसतील तर एका चॅनलवर सरासरी ८ नोड. ते ५ सेकंदांच्या खिडकीत बोलले तर एखाद्या पॅकेटवर दुसरं येऊन आदळायची शक्यता दोन-तृतीयांश होते. तेच १० मिनिटांत विखुरले तर जेमतेम १ टक्का.

लांबचेच का मरतात? दोन पॅकेट आदळली आणि एक दुसऱ्यापेक्षा ६ डीबीने जोरदार असलं, तर जोरदारचं बहुधा वाचतं. जवळचे नोड जिंकतात, लांबचे हरतात. म्हणून रोग टकरीचा असून दिसतो अंतराचा. सगळ्यांची पॉवर सारखीच वाढवली तर तुलना तीच राहते.

वर कन्फर्म्ड अपलिंक. उत्तर आलं नाही की नोड १ ते ३ सेकंदांत परत पाठवतो, म्हणजे त्याच गर्दीत परत शिरतो. आणि गेटवे उत्तर पाठवत असतो तेव्हा बहिरा असतो. बोलणं आणि ऐकणं एका वेळी जमत नाही. मातीच्या ओलाव्याला पोच मागायची गरज नाही. बंद करा.

उपाय: नोड क्रमांक गुणिले २५ सेकंद इतका उशीर. २४ नोड १० मिनिटांत बसतात. घड्याळ महिन्याला फार तर ५ सेकंद सरकतं. दोन शेजारी उलट्या दिशांना सरकले तरी १० सेकंद. दोन महिन्यांतून एकदा डाउनलिंकने (गेटवेकडून नोडला संदेश) वेळ जुळवली की झालं. एवढं नको असेल तर ० ते ६०० सेकंदांत रँडम उशीर घ्या, फक्त रँडमचं बी (सीड, ज्या आकड्यापासून रँडम सुरू होतं) प्रत्येक नोडला वेगळं द्या. सगळ्यांचं बी सारखं ठेवून "रँडम केलं तरी टक्कर होते" म्हणणारे दर महिन्याला एक तरी भेटतात.

ग्राफची काळजी नको. वाचन १५च्या ठोक्यालाच घ्या, पाठवा उशिरा.

---

अंतिम_वर्ष

मध्येच विचारतो, क्षमस्व. प्रोजेक्टला लीच प्रोटोकॉल घेतलाय (नोडचे गट, म्हणजे क्लस्टर, करून प्रत्येक गटाचा हेड सगळ्यांचा डेटा पुढे पाठवतो), ५ टक्के क्लस्टर हेड. अशा बागेत क्लस्टर केले तर ऊर्जा वाचणार नाही का? सिम्युलेशनमध्ये आयुष्य बरंच वाढतं.

---

मायक्रोअँप

लीच २०००चा आहे आणि त्याचं रेडिओचं मॉडेल असं: दर बिटला सर्किटचे ५० नॅनोज्यूल, वर अंतराच्या वर्गावर वाढणारे १०० पिकोज्यूल. म्हणजे जवळ बोललं की स्वस्त. आरएफएम९५ अंतर बघून करंट घेत नाही. १७ डीबीएमला ९० मिलीअँप घेतो, मग गेटवे १० मीटरवर असो वा १० किलोमीटरवर. पॉवर खाली आणली तरी खर्च एका पातळीखाली जात नाही: ७ डीबीएमलाही २० मिलीअँप लागतात.

दुसरं म्हणजे क्लस्टर हेडला ऐकत बसावं लागतं. ऐकण्याचा करंट ११ मिलीअँप. दिवसातून एक तास ऐकलं तरी ११ एमएएच, म्हणजे या नोडच्या आठवड्याच्या खर्चाएवढं. पाठवणं ०.४ सेकंदाचं असतं, ऐकण्याला अंत नसतो. मूळ मॉडेलमध्ये मोकळं ऐकण्याची किंमत धरलेलीच नाही, म्हणून आलेख सुंदर येतात.

ऐकण्याच्या वेळा ठरवून दिल्या तर मल्टिहॉप (एका नोडने दुसऱ्याचा संदेश पुढे देणं) जमतं, ८०२.१५.४ई या रेडिओ मानकातली टीएससीएच पद्धत तेच करते. पण तिथे घड्याळ जुळवत राहावं लागतं: दोन्हीकडे २० पीपीएमचे क्रिस्टल असतील आणि १ मिलिसेकंदाची मोकळीक असेल, तर २५ सेकंदांत परत जुळवायला हवं. प्रोजेक्टमध्ये ऐकण्याचा खर्च घालून तेच सिम्युलेशन परत चालवा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. परीक्षकाला ते जास्त आवडेल.

---

वेलमांडव

मोजलं. १ किलोओहमवर नोड रीसेट झाला. १० ओहमवर झोपेत १८ मिलीव्होल्ट. म्हणजे १.८ मिलीअँप. एलईडी आधीच काढलेला आहे.

---

मायक्रोअँप

छान, आकडाच बोलतोय. आरएफएम९५च्या पोटातल्या एसएक्स१२७६ चिपचा स्टँडबाय करंट १.६ मिलीअँप असतो, स्लीपचा ०.२ मायक्रोअँप. तुमचा रेडिओ झोपत नाही, डुलक्या काढतोय. सहसा कारण हे की पाठवलं की लगेच चिपला झोपवलं जातं. रिसीव्ह विंडो संपून लायब्ररीने रेडिओ स्लीपमध्ये टाकायच्या आतच चिपचं आतलं घड्याळ थांबतं. प्रक्षेपण पूर्ण झाल्याचा इव्हेंट येईपर्यंत थांबा, मग स्पष्टपणे रेडिओला स्लीपचा आदेश द्या, मग चिप झोपवा. लोरावॅन न वापरता साधी लायब्ररी वापरणाऱ्यांनीही बघावं: बऱ्याच लायब्रऱ्या पाठवून झालं की रेडिओ स्टँडबायवर सोडतात, झोपवायचं काम तुमचं.

त्यानंतर एडीसी बंद करा. पॉवर-डाउनमध्येही तो चालू राहिला तर शंभर मायक्रोअँपच्या वर खातो. ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारा) झोपेपुरता बंद करा, आणखी वीसेक वाचतील. मग १ किलोओहमवर परत मोजा.

---

वेलमांडव

आता १ किलोओहमवर ९५ मिलीव्होल्ट. रीसेट होत नाही.

---

मायक्रोअँप

१.८ मिलीअँपवरून ९५ मायक्रोअँप. उरलेलं बहुतेक घड्याळ. डीएस३२३१ मुख्य सप्लायवर असताना शंभरच्या आसपास मायक्रोअँप घेतं, पण स्वतःच्या बटण सेलवर असताना एकाच्या आत. म्हणून त्याचा व्हीसीसी (मुख्य सप्लाय) चिपच्या एखाद्या पिनवरून द्या: वेळ वाचायची किंवा अलार्म लावायचा तेवढाच वेळ पिन हाय, एरवी लो.

यात तीन खड्डे आहेत. एक, बॅटरीवर असताना अलार्मची पिन हलावी म्हणून कंट्रोल रजिस्टरमधला बीबीएसक्यूडब्ल्यू, म्हणजे सहावा बिट, १ करावा लागतो. नाहीतर नोड झोपला तो झोपलाच. दोन, अलार्मच्या पिनला पुल-अप (रेषा हाय धरणारा रेझिस्टर) चिपच्या कायमच्या सप्लायवरून हवा, मॉड्यूलच्या व्हीसीसीवरून नाही. तीन, झोपण्याआधी एसडीए-एससीएल (घड्याळाशी बोलायच्या रेषा) लो करा. त्या दोन रेषा हाय राहिल्या तर मॉड्यूलवरच्या ४.७ किलोओहमच्या पुल-अपमधून प्रत्येकी ०.७ मिलीअँप मागल्या दाराने वाहू शकतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

त्या निळ्या मॉड्यूलमध्ये बटण सेल चार्ज करायला एक डायोड आणि रेझिस्टर असतो. साधा सीआर२०३२ घातला असेल तर तो डायोड उपटून टाका. तो सेल चार्ज करायचा नसतो, फुगतो.

---

ठिबक_आणि_ठोके

सिग्नलवाल्यांनी बागेचा एक हिशेब सोडलाय. आत्ता उणे २ असलेला एसएनआर कोणत्या दिवसाचा? ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बाग बोडकी असते, तेव्हा सगळेच नोड छान बोलतात. दोन महिन्यांनी पानांची भिंत उभी राहते आणि सकाळच्या दवात ती ओली असते. पानातलं पाणी सिग्नल खातं. अँटेना पानांच्या वर हवी, तारांच्याही वर. लोखंडी तारेला खेटून बांधलेली अँटेना म्हणजे तारेलाच सिग्नल पाजणं. सगळ्यात वरच्या तारेपासून निदान ३० सेंमी वर, पीव्हीसी पाइपच्या टोकाला. फार वरही नको, ब्लोअरचा ट्रॅक्टर जाताना तोडतो. दोन ओळींच्या मधोमध न लावता खांबाशी लावा.

बाजारात ४३३ची अँटेना ८६८ म्हणून सर्रास विकतात. पाव तरंगलांबीची तारेची अँटेना ८६५ मेगाहर्ट्झला साधारण ८.२ सेंमी भरते.

---

टेकडीवरून

बरोबर. म्हणूनच एडीआर (नोडचा एसएफ आणि पॉवर सर्व्हरने आपोआप ठरवणं) लावताना सांभाळा. बोडक्या बागेत सर्व्हर नोडला एसएफ७वर आणतो (६२ मिलिसेकंद, एसएफ१०च्या सहाव्या हिश्शाहून कमी हवावेळ), आणि पानं आली की तोच नोड गप्प होतो. एडीआरचे मूळ आकडे असे: ६४ संदेशांपर्यंत सर्व्हरकडून काही आलं नाही तर नोड उत्तर मागतो, आणखी ३२ संदेश वाट पाहतो, मग पहिली पायरी चढतो. ९६ संदेश. दर १५ मिनिटांना एक म्हणजे अख्खा एक दिवस नोड बेपत्ता, आणि तेव्हा एकच पायरी. तासाला एक संदेश केलात तर चार दिवस. त्यामुळे सर्व्हरमध्ये मार्जिन १०ऐवजी १५ डीबी ठेवा आणि एसएफची खालची मर्यादा ८ करा.

गेटवेची ४ मीटर उंची अपुरी आहे. ४५० मीटरच्या दुव्यात मध्यभागी पहिल्या फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधला, सिग्नलला मोकळा लागणारा लांबट पट्टा) त्रिज्या ६ मीटर येते. त्यातला ६० टक्के भाग मोकळा लागतो. ६ ते ८ मीटरच्या जीआय पाइपवर चढवा. पाइपला अर्थिंग आणि अँटेनाच्या वायरीत गॅस ट्यूबचा अरेस्टर हवाच, वळवाच्या विजांना पंपघरावरचा उंच पाइप फार आवडतो.

---

बूचबंद

सेन्सरबद्दल कोणीच बोललं नाही. तो स्वस्तातला काळा कपॅसिटिव्ह सेन्सर पुरणार असाल तर आधी चिपवरची अक्षरं वाचा. टीएलसी५५५ हवी. काही मालावर एनई५५५ असते, तिला कमीत कमी ४.५ व्होल्ट लागतात, ३.३वर ती आकडे देते, पण ते मातीचे नसतात. काही मालात १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो. आउटपुट मग हळू सरकत राहतं आणि वाचन पॉवर दिल्यानंतर किती वेळाने घेतलं यावर बदलतं.

पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत शिरतं आणि दोन-तीन महिन्यांत वाचन सरकतं. कडांना दोन हात इपॉक्सी, वरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर गोंदवाली श्रिंक ट्यूब. सिलिकॉन वापरायचं तर व्हिनेगरचा वास येणारं नको, ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

डबा: केबल ग्लँड (वायर पाणीबंद आत घेणारी जोडणी) खालच्या बाजूला, वायरीला डब्याच्या खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर पुढे लावणार असाल तर बोर्डो फवारणीनंतर पुसा. मोरचूद-चुन्याचा थर बसला की जराशा दमट हवेतही तो पान ओलं सांगतो, आणि तुम्ही डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीने आणखी एक फवारणी करता.

---

टेकडीवरून

विश्वासार्हतेला एक स्वस्त युक्ती. प्रत्येक संदेशात आत्ताच्या वाचनाबरोबर एक जुनं वाचन पाठवा. ५ बाइट वाढतात. एसएफ७ला हवावेळ ६२वरून ७२ मिलिसेकंद होतो, बस. पण लगेच मागचं वाचन नको, एक-दीड तास आधीचं. पॅकेट सुटी-सुटी हरवत नाहीत, झुंडीने हरवतात: फवारणीचा ट्रॅक्टर उभा आहे, दव आहे, गेटवेची वीज गेली आहे. लागोपाठची दोन हरवली तर लगेच मागचं पाठवून काही उपयोग नसतो.

आणि ओलाव्यासाठी १५ मिनिटं कशाला? ठिबक चालू असतानाही मातीला तेवढी घाई नसते. तासाला एक पुरे. वाचन ठरावीक टप्प्याहून बदललं तरच पाठवायचं असंही करतात, पण मग सहा तासांतून एकदा हजेरी सक्तीची ठेवा. नाहीतर गप्प नोड मेलाय की जमीन स्थिर आहे, कळणार नाही.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या मंडळींनी २००५मध्ये बटाट्याच्या शेतात करप्याच्या अंदाजासाठी शंभरावर नोड लावले होते. हाती आला २ टक्के डेटा. एकेक चूक क्षुल्लक, सगळ्या मिळून जीवघेण्या. त्यांनी ते लपवून न ठेवता छापलं, हे मोठं काम.

---

वेलमांडव

सध्याची स्थिती: घड्याळ पिनवर घेतलं, बिट लावला. झोपेत ४ मिलीव्होल्ट, म्हणजे ४ मायक्रोअँप. कन्फर्म्ड बंद, नोडनिहाय २५ सेकंदांचा उशीर लावला. पहिल्या दोन दिवसांत लांबच्या नोडचे हरवलेले संदेश २ टक्क्यांच्या आत. जुनं वाचन जोडायचं बाकी आहे.

आता सेल बदलावा का? लिथियम थायोनिल क्लोराइड, डी आकाराचा, १९००० एमएएच, ३.६ व्होल्ट.

---

मायक्रोअँप

चालेल, आपोआप उतरणं वर्षाला एखादा टक्का. पण तो सेल थेंबाथेंबाने द्यायला बनलेला असतो, घोट मागितला की अडतो. महिनोन्महिने मायक्रोअँपवर राहिल्यावर आत पापुद्रा धरतो आणि पहिल्या ९० मिलीअँपला व्होल्टेज खाली बसतं. नोड प्रक्षेपणाच्या क्षणी रीसेट होतो, उठतो, परत जोडणीचा संदेश पाठवायला जातो, परत रीसेट. सेल भरलेला आणि नोड मेलेला. त्यावर उपाय म्हणून हा घोट पुरवायला समांतर हायब्रिड कपॅसिटर लावतात.

साधा इलेक्ट्रोलिटिक एसएफ१०ला पुरत नाही: ९० मिलीअँप गुणिले ०.४१ सेकंद म्हणजे ३७ मिलीकुलोम. अर्धा व्होल्ट पडू द्यायचा तर ७४,००० मायक्रोफॅरड लागतात. एसएफ८च्या आत राहणाऱ्या नोडना बरंच कमी पुरतं.

नाहीतर ३२७०० आकाराचा ६००० एमएएचचा लिथियम आयर्न फॉस्फेट आणि १ वॉटचं पॅनल. उन्हात तापणाऱ्या डब्यात तो १८६५०पेक्षा बरा. फक्त टीपी४०५६ चार्जर लावू नका, तो ४.२ व्होल्टपर्यंत चढवतो आणि या सेलची मर्यादा ३.६ची आहे. टीपी५००० घ्या, आणि सेल निवडायची तिची पिन ३.६वर आहे हे सेल जोडण्याआधी मीटरने तपासा.

---

ठिबक_आणि_ठोके

आणि गेटवेचा विचार? शेतीच्या फीडरला थ्री-फेज आठ तास, तेही आठवड्याआड रात्री. ५ वॉटचा गेटवे दिवसाला १२० वॉट-तास खातो. १२ व्होल्ट २० एएचची लेड-ॲसिड निम्मी वापरली तर बरोबर एक दिवस. ढगाळ तीन दिवस धरायचे तर ६० एएच. आणि लॉग मेमरी कार्डवर लिहू नका, वीज जाताना लिहिणं चालू असलं की कार्ड बसतं. लॉग रॅममध्ये, कार्ड फक्त वाचनापुरतं.

---

वेलमांडव

गेटवेवर सध्या ७ एएच आहे, म्हणजे जेमतेम आठ तास. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारनंतरची फट कुठून येते ते आता कळलं.